स्लॅबच्या आदल्या दिवशीची भांडणं
आमच्या साइटवर स्लॅबच्या आदल्या दिवशी हमखास जुंपायची. फिटर सळई बांधून मोकळा झाला की इलेक्ट्रिशियन पाइप टाकायला यायचा आणि वाटेतली सळई सरकवायचा. कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे छोटे ठोकळे) निसटलेले, चेअर (वरची सळई उचलून धरणारे टेकू) आडव्या पडलेल्या, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. रेडीमिक्सची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी ठरलेली, त्यामुळे आरडाओरडा करूनच काम उरकायचं.

मीटिंगा वाढवून उपयोग नव्हता. मीटिंगला ठेकेदार यायचे, प्रत्यक्ष काम करणारे नाही. म्हणून ठेकेदारांना वगळून (ते रुसले, रुसू दे) फिटरचा मुकादम आणि इलेक्ट्रिशियन यांनाच समोरासमोर बसवलं. तोडगा मुकादमानेच काढला: खालची जाळी झाली की थांबायचं, पाइप टाकू द्यायचे, मगच वरची सळई. शेवटी दोघांनी स्लॅबवर एकत्र फिरून एकाच कागदावर सह्या करायच्या. सह्या झाल्याशिवाय मी रेडीमिक्सला फोन करत नाही. खरा जोर या अटीत आहे.

भरलेल्या स्लॅबवर पाणी मारण्याचंही तसंच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा लागतो. पण "पाणी मारा रे" असं सगळ्यांना सांगितलं की कुणीच मारत नाही. आता जिन्याजवळच्या कॉलमवर स्लॅब भरल्याची तारीख, पाणी बंद करायची तारीख आणि एकाच माणसाचं नाव खडूने लिहितो. रविवारी कोण, तेही. रविवारसाठी जादा हजेरी द्यावी लागते; ती ऑफिसकडून आधीच मंजूर करून घेतो.