९९ टक्के कॉपर निघालं? आधी पीएच बघा

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट असो की पीएच.डी.चं पहिलं वर्ष, आयन-इम्प्रिंटेड पॉलिमरची (एखाद्या आयनाभोवती बनवून मग तो आयन धुऊन काढलेलं, पाण्यातून तोच आयन पुन्हा उचलणारं पॉलिमर) सुरुवात बहुतेक जण कॉपरपासून करतात. कॉपरचे क्षार स्वस्त, रंग डोळ्यांना दिसतो, एएएसवर (धातू मोजणारं अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्र) ३२४.८ नॅनोमीटरला मोजणं सोपं. करा, हरकत नाही. फक्त कॉपर जितकं सोपं, तितकंच फसवं आहे.

रेसिपी थोडक्यात: कॉपर नायट्रेट ट्रायहायड्रेट १ मिलिमोल (०.२४ ग्रॅम), ४-व्हिनाइलपिरिडीन (कॉपरला धरणारा, पिरिडीन असलेला मोनोमर) ४ मिलिमोल, ईजीडीएमए (साखळ्या जोडणारा क्रॉसलिंकर) २० मिलिमोल, मिथेनॉल ८-१० मिली, एआयबीएन (रिअ‍ॅक्शन सुरू करणारा इनिशिएटर) ५० मिग्रॅ. मोनोमरमधला इनहिबिटर अल्युमिनाच्या कॉलममधून काढा, १५ मिनिटं नायट्रोजन सोडा, नळी बंद करून ६० अंशांवर २४ तास ठेवा. कॉपर न घालता हेच सगळं पुन्हा करा. तो तुमचा कंट्रोल. दोन्हींचं यील्ड तोलून ठेवा, कारण कॉपर रॅडिकलची साखळी मधेच तोडू शकतं आणि मग दोन पॉलिमरांची तुलनाच लंगडी पडते. अ‍ॅसिडने धुण्यात घाई नको. १ मोलर एचसीएलच्या धुवणात एएएसला कॉपर दिसेनासं होईपर्यंत धुवा, मग पातळ अमोनिया, मग भरपूर पाणी. कंट्रोललाही तेवढंच धुवा.

आता खरा खड्डा. ५० मिली पाण्यात लिटरला १०० मिग्रॅ कॉपर, त्यात ५० मिग्रॅ पॉलिमर. सुरुवातीचा पीएच ५.० लावला आणि रात्रभर शेकरवर ठेवलं. सकाळी ९९ टक्के रिमूव्हल, म्हणजे ग्रॅमभर पॉलिमरला ९९ मिग्रॅ कॉपर! पण वरची रेसिपी मोजा: सुमारे ४.४ ग्रॅम पॉलिमरमध्ये पिरिडीन ४ मिलिमोल, म्हणजे ग्रॅमला ०.९ मिलिमोल. प्रत्येक पिरिडीनने एकेक कॉपर धरलं तरी जास्तीत जास्त ५८ मिग्रॅ. बाकीचं गेलं कुठे? फिल्टरवर, हायड्रॉक्साइड होऊन. मोकळं पिरिडीन पाण्यातले प्रोटॉन उचलतं आणि बफर नसलेल्या पाण्याचा पीएच वर सरकतो. कॉपर हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार २.२×१०⁻²⁰ धरला, तर या तीव्रतेला साधारण ५.६ पीएचपासूनच साका बसू लागतो. आयसोथर्म (तीव्रतेनुसार किती कॉपर धरलं याचा आलेख) मात्र लँगम्युअरच्या समीकरणावर बसवला की सुंदर दिसतो.

म्हणून पीएच शेवटी मोजा. सुरुवातीचा आकडा कुणालाही लावता येतो. पॉलिमर न घातलेला ब्लँकही त्या शेवटच्या पीएचला आणून तेवढाच वेळ ठेवा आणि त्याच फिल्टरमधून गाळा. सुरुवातीच्या पीएचचा ब्लँक काहीही सिद्ध करत नाही. बफर अ‍ॅसिटेटचा घ्या, ०.०५ मोलर, पीएच ५. ब्लँकमध्ये आणि स्टँडर्डमध्येही तोच. फॉस्फेट कॉपरला खाली बसवतं, ट्रिस त्याला धरून ठेवतं. दोन्ही नकोत.

ब्लँक वजा केल्यावर आकडा ९९ वरून २० वर आला तर घाबरू नका. या रेसिपीला २० मिग्रॅ हा सभ्य आकडा आहे. गाइड नाराज होतील; ‘ब्लँक कुठे आहे?’ असं आधीच विचारणारा गाइड मिळाला असेल तर नशीब काढलंत. मागच्या विद्यार्थ्याच्या वहीतली रेसिपी घ्या, पीएच घेऊ नका.

सिलेक्टिव्हिटीचंही, म्हणजे इतर धातूंमधून कॉपरच निवडण्याचंही, तसंच. निकेल-झिंकपुढे कॉपर जिंकलं, यात इम्प्रिंटिंगचं श्रेय नाही. आयर्विंग-विल्यम्स क्रमानुसार (कोणता धातू किती पक्का धरला जातो, त्याचा क्रम) ते साध्या लिगँडवरही, म्हणजे धातूला धरणाऱ्या कुठल्याही साध्या रेणूवरही, जिंकतं. इम्प्रिंटेडचा सिलेक्टिव्हिटी गुणांक (दुसऱ्या धातूच्या किती पट कॉपर पसंत, तो आकडा) कंट्रोलच्या गुणांकाने भागा. उत्तर १ च्या आसपास आलं, तर तुम्ही साधं पिरिडीन रेझिन बनवलंय. तुलना मोलमध्ये करा: १०० मिग्रॅ कॉपर म्हणजे १.५७ मिलिमोल, तेवढंच लेड म्हणजे जेमतेम ०.४८.

पिण्याच्या पाण्याचा दावा करण्याआधी पॉलिमर नुसत्या बफरमध्ये २४ तास हलवून बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, कॉपरची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिग्रॅ आहे. तुमच्याच पॉलिमरमधून त्याहून जास्त गळत असेल, तर पुन्हा अ‍ॅसिडकडे.