सातेरीची वसाहत लँगस्ट्रॉथ पेटीतून ‘अ’ पेटीत हलवताना

हौसेने मधमाशा पाळू लागलेल्या अनेकांच्या अंगणात एक विजोड जोडी दिसते. माशी आपल्या डोंगरातली सातेरी असते आणि पेटी मात्र मेलिफेरासाठी, म्हणजे आकाराने मोठ्या युरोपीय माशीसाठी, बनवलेली, दहा चौकटींची (पोळी बांधण्याच्या सुट्या लाकडी चौकटींची) लँगस्ट्रॉथ असते. बाजारात सहज मिळणारी पेटी बहुधा हीच असल्याने आणि मोठ्या पेटीत मधही जास्त साठेल असे वाटत असल्याने ही निवड होते. वर्षभरात वसाहत पेटीच्या एका कोपऱ्यात आक्रसते, रिकाम्या पोळ्यांना मेणकिडा लागतो आणि पावसाळ्यात एखाद्या दिवशी पेटी रिकामी सापडते. अशी वसाहत हातची जाण्यापूर्वी भारतीय मानकाच्या ‘अ’ पेटीत कशी हलवावी, हे येथे सांगितले आहे.

पेटी बदलण्याचे कारण मापांत आहे. लँगस्ट्रॉथ चौकटीची आतली जागा साधारण ४३ सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर उंच असते, तर ‘अ’ पेटीतील पिल्लांच्या कोठीची चौकट सुमारे २१ सेंटिमीटर लांब आणि साडेचौदा सेंटिमीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ एकतृतीयांश असते. हे लहान माप सातेरीच्या बेताचेच आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्ली येथे रेव्हरंड न्यूटन यांनी जी पेटी तयार केली, तिच्या चौकटी जवळपास याच आकाराच्या होत्या. दोन पोळ्यांमधले अंतरही वेगळे असते. मेलिफेरा एका पोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सुमारे ३५ मिलिमीटर अंतर ठेवते, सातेरी ३० ते ३२ मिलिमीटर. त्यामुळे लँगस्ट्रॉथमध्ये सातेरी वाकडीतिकडी, एका चौकटीवरून दुसरीवर जाणारी पोळी बांधते आणि चौकट सुटी करून तपासण्याची सोयच नाहीशी होते. शिवाय सातेरी झाडांचा डिंक गोळा करून फटी बुजवत नाही. पेटीचे सांधे सैल असले तर ते सैलच राहतात; म्हणून नवी पेटी घेताना रंगापेक्षा सुतारकाम पाहावे. ताज्या तैलरंगाचा वास येत असेल, तर पेटी काही आठवडे उघड्या हवेत ठेवावी.

मेलिफेराच्या बाबतीत माशा नव्या पेटीत झटकून जुनी पोळी काढून घेण्याची पद्धत चालते. सातेरीवर ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सातेरीला स्थलांतराची ओढ उपजतच असते. अंडी-अळ्या नाहीत, साठा नाही आणि घर अनोळखी, अशी स्थिती झाली की ती दुसऱ्या दिवशीच निघून जाते. तिला नव्या पेटीत बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे तिचीच पिल्ले, आणि म्हणून पिल्लांची पोळी कापून नव्या चौकटीत बांधणे हाच खात्रीचा मार्ग आहे. मोठ्या पेटीवर फळी टाकून वर लहान पेटी ठेवायची आणि माशा आपणहून चढण्याची वाट पाहायची, हा सावकाश मार्ग कागदावर छान दिसतो. मी तो एकदा दोन महिने चालवला आणि राणी खालीच राहिली.

काळ निवडताना फुलोरा पाहावा. सह्याद्रीच्या पट्ट्यात पाऊस ओसरून फुले वाढू लागल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास, किंवा जांभूळ-हिरड्याचा बहर सुरू होण्याच्या थोडे आधी हे काम करावे. जून ते सप्टेंबर या काळात वसाहत कितीही दुबळी दिसत असली तरी तिला हात लावू नये. तेव्हा फक्त खाद्य द्यावे. अळ्या पिशवीसारख्या पाणीदार होऊन मरत असतील, तर तो थायी सॅकब्रूड रोग असण्याचा संभव असतो. अशा वसाहतीची पोळी नव्या पेटीत नेऊ नयेत.

आदल्या दिवशी पुढील साहित्य जवळ ठेवावे: धारदार पातळ सुरी, चौकटीतल्या तारा कापण्याचा चिमटा, माशांना धूर देण्याचे धुराडे, मऊ ब्रश, रुंद परात, झाकणाचा डबा, राणीसाठी लहान जाळीदार पिंजरा आणि बांधण्यासाठी केळीच्या सोपाच्या पट्ट्या किंवा जाड सुती दोरा. नायलॉनचा दोरा घेऊ नये. सोप आणि सूत माशा स्वतः कुरतडून बाहेर टाकतात, नायलॉन त्यांना तोडता येत नाही आणि त्यांचे पाय त्यात अडकतात.

काम दुपारी चारच्या सुमारास सुरू करावे, कारण काम संपेपर्यंत चरायला गेलेल्या माशा परततात आणि लगेच येणारी रात्र वसाहतीला शांत करते. जुनी पेटी एक-दोन हात मागे सरकवावी आणि नवी पेटी तिच्याच जागी, त्याच उंचीवर, दार त्याच दिशेला करून ठेवावी. धूर अगदी थोडा द्यावा. जास्त धुराने सातेरी पोळे सोडून पेटीच्या कोपऱ्यात घोस करते आणि मग राणी शोधणे अवघड होते. राणी काळसर व चपळ असते. ती दिसताच पिंजऱ्यात घेऊन नव्या पेटीत सावलीला ठेवावी, आणि तीन-चार वेळा शोधूनही सापडली नाही तर शोध थांबवून पोळ्यांकडे वळावे.

प्रत्येक चौकटीवरील माशा नव्या पेटीत झटकून पोळे परातीत आडवे ठेवावे, तारा आधी कापाव्यात आणि ‘अ’ चौकट पोळ्यावर ठेवून तिच्या आतल्या कडेने सुरी फिरवावी. एका लँगस्ट्रॉथ पोळ्यातून बहुधा दोन तुकडे निघतात. तुकडा बसवताना त्याची वरची कड वरच्या पट्टीलाच टेकली पाहिजे, कारण पोळ्यातील घरांचा उतार तोंडाकडे किंचित वर असतो आणि तुकडा उलटा बसला तर तो बिघडतो. घट्ट बसलेला तुकडा दोन ठिकाणी सोपाने बांधावा. फक्त अंडी, अळ्या व बंद पिल्ले असलेली पोळी घ्यावीत. मधाची पोळी जड असल्याने दोऱ्यातून निसटतात व माशा चिरडतात, तेव्हा ती डब्यात बंद करावीत. मध सांडला तर तो लगेच पाण्याने पुसावा, नाहीतर शेजारच्या पेटीतील माशा आणि मुंग्या दोन्ही चाल करून येतात. काळवंडलेली रिकामी पोळी टाकून द्यावीत, कारण सातेरीला नवे मेण आवडते. मेलिफेराच्या मेणपत्र्यावर, म्हणजे घरांची छाप उठवलेल्या मेणाच्या पातळ पत्र्यावर, बांधलेली पोळीही नेऊ नयेत. त्या पत्र्यावरील घरांची छाप सातेरीच्या कामकरी माशीसाठी मोठी असते.

पिल्लांच्या चौकटी मधोमध, मूळ क्रमाने लावाव्यात आणि माशा जेवढ्या चौकटी झाकतील त्यापेक्षा एकच जास्त ठेवावी. राणी सोडून दार अरुंद करावे व त्यावर सातेरीच्या मापाची राणी-जाळी, म्हणजे कामकरी माशा जातील पण राणी बाहेर पडणार नाही अशी जाळी, बसवावी. ती चार-पाच दिवसांनी न चुकता काढावी, नाहीतर नर आत अडकतात. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच.

त्याच संध्याकाळी पेटीच्या आत समप्रमाणात केलेला साखरेचा पाक, साधारण पाव लिटर, ठेवावा आणि तीन दिवस झाकण उघडू नये. पाहायचे ते दाराशी पाहावे: पायांवर पराग घेऊन माशा आत शिरत असतील तर वसाहत रुळली. चौथ्या-पाचव्या दिवशी उघडून, पोळी वरच्या पट्टीला चिकटली असल्यास उरलेले दोरे काढावेत आणि ताजी अंडी दिसतात का ते पाहावे. अंडी नसून राणीची नवी घरे बांधली जात असतील, तर राणी हरवली आहे. सातेरीत राणीविना राहिलेल्या कामकरी माशा लवकरच स्वतः अंडी घालू लागतात, तेव्हा दुसऱ्या वसाहतीतील ताज्या अंड्यांची चौकट त्याच दिवशी द्यावी. त्यासाठीच घरच्या सगळ्या पेट्या एका दिवसात बदलू नयेत, आणि निदान एक ‘अ’ पेटी आधीच स्थिरावलेली असावी.

तीन आठवड्यांत बांधलेल्या तुकड्यांतील सर्व पिल्ले बाहेर पडतात. त्यानंतर वेडेवाकडे तुकडे एकेक करून कडेला सरकवावेत व रिकामे झाले की काढून टाकावेत. रिकामी झालेली लँगस्ट्रॉथ पेटी मेलिफेरा पाळणाऱ्या कोणाला द्यायची असेल, तर ती खरवडून, आतून ज्योतीने हलकी भाजून, आठवडाभर उन्हात ठेवून मगच द्यावी.