बोरिवलीचं जंगल फक्त पावसाळ्यापुरतं ठेवू नका

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बहुतेक जण जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी जातात, कान्हेरीच्या लेण्यांपाशी गर्दीत भिजतात आणि परततात. जरूर भिजा, पण कातळावर शेवाळ असतं. चपला नकोत, चांगली पकड असलेले बूट घाला.

मला विचाराल तर खरी मजा पाऊस ओसरल्यावर. सप्टेंबरअखेरीपासून फुलपाखरं भरपूर दिसतात. इथलं कारवीचं झुडूप आठ वर्षांतून एकदाच बहरतं: २०१६ला फुललं, मग २०२४ला. पुढची पाळी २०३२ची, आत्ताच कुठेतरी टिपून ठेवा! थंडीत दुर्बीण घेऊन सकाळी गेट उघडताच आत शिरा, कारण ऊन चढलं की पक्षी गप्प होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. पानं झडलेली असल्यामुळे मधासाठी आलेले पक्षी नवशिक्यालाही सहज दिसतात. लहान मुलांना पहिल्यांदा न्यायचं तर मी हेच दिवस निवडेन.

एप्रिल-मेमध्ये कान्हेरीची चढण दुपारी टाळा आणि पाणी भरपूर ठेवा. माकडांना खाऊ देऊ नका, अगदी मुलांनी हट्ट केला तरी. सोमवारी उद्यान बंद असतं.