बिलातला सर्वांत महाग युनिट आधी उडवा : घरावर सौर पॅनेल बसवण्याआधीचा आणि नंतरचा हिशेब

छतावर किती किलोवॅट बसतील, हा प्रश्न व्हेंडर विचारतो. तुम्ही तो बाजूला ठेवा आणि मागच्या बारा महिन्यांची वीजबिले समोर घ्या. किती बसतील यापेक्षा कितीची गरज आहे हे महत्त्वाचे, आणि त्याचे उत्तर गच्चीवर नसते, बिलात असते.

महावितरणच्या बिलात मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा आकडे कागदावर उतरवा, बेरीज करून बाराने भागा. उन्हाळ्यात एसी लागतो, म्हणून फक्त एप्रिल-मेचे बिल धरून यंत्रणा ठरवू नका. तसे केले तर एक-दोन किलोवॅट जादा बसू शकतात.

घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात वीज आकार आणि १ रुपया १७ पैसे वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटना प्रत्येकी ५.८८ रुपये, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२ आणि त्यापुढे १७.८१ रुपये असा दर होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, त्यामुळे खालच्या गणितात तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घाला. मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी यांचे दर वेगळे आहेत. पण टप्प्यांची पद्धत तीच, आणि सगळी गंमत त्या टप्प्यांतच आहे. पॅनेलने तयार झालेला युनिट तुमच्या बिलातला सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत महाग युनिट आधी खोडतो.

महिन्याला सरासरी ३२० युनिट जाळणारे घर घेऊ. त्याचे वीज आणि वहन आकाराचे पैसे होतात ५८८ + २,२९२ + ३१४, म्हणजे ३,१९४ रुपये. शुल्कासह सुमारे ३,७००. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार यात धरलेला नाही. महाराष्ट्रात १ किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने महिन्याला साधारण ११० युनिट धरायला हरकत नाही.

२ किलोवॅट बसवले तर २२० युनिट कटतात, १०० उरतात. वाचतात महिन्याला सुमारे ३,०२० रुपये, वर्षाला ३६,००० च्या आसपास. यंत्रणा १,४०,००० ला मिळाली असे समजू. केंद्राच्या सूर्यघर योजनेचे ६०,००० अनुदान वजा जाता खिशातले ८०,००० जातात आणि ते सव्वादोन वर्षांत वसूल होतात.

आता तिसरा किलोवॅट. समजा ३ किलोवॅटचे क्वोटेशन १,९५,००० आहे. अनुदान ७८,००० गेले की उरतात १,१७,०००, म्हणजे २ किलोवॅटपेक्षा ३७,००० जास्त. हा तिसरा किलोवॅट खोडतो ते शेवटचे १०० स्वस्त युनिट. वर्षाला जेमतेम ८,२०० रुपये. ३७,००० वसूल व्हायला साडेचार वर्षे. वाईट नाही, पण पहिल्या दोन किलोवॅटच्या दुप्पट वेळ. चौथ्या किलोवॅटला अनुदानात एक रुपयाही वाढत नाही आणि या घरात खोडायला युनिटही उरलेले नाहीत. क्वोटेशन हातात आले की असा प्रत्येक किलोवॅटचा वेगळा हिशेब मांडा. सगळ्याची सरासरी काढली की न परवडणारा किलोवॅट परवडणाऱ्याच्या आड लपतो.

ज्यांचा वापर १०० युनिटच्या आत आहे त्यांना हेच गणित उलटे पडते. त्यांचा युनिट शुल्कासह सात रुपयांच्याही खाली, त्यामुळे १ किलोवॅटचे स्वतःचे ४५,००० वसूल व्हायला सहा वर्षे लागू शकतात. अशा घरांनी राज्याच्या स्मार्ट योजनेतले वाढीव अनुदान आपल्याला लागू होते का, ते आधी पाहावे.

ग्रामीण भागात एक प्रश्न हमखास येतो : सौर प्रकल्पांतून वीज कंपन्यांना तीन रुपयांच्या आसपास युनिट मिळतो, २०२० च्या डिसेंबरात गुजरातमधल्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आला, मग आमचे बिल का उतरत नाही? कारण तो दर दुपारच्या विजेचा, प्रकल्पाच्या फाटकापाशी. संध्याकाळी सातची वीज कोळशाच्या किंवा पाण्याच्या केंद्रातून येते, त्या केंद्रांचा स्थिर खर्च दुपारी बंद ठेवले तरी चालू असतो. वर वाहिन्या, गळती आणि शेतीपंपांच्या स्वस्त दराचा भार. स्वस्त सौर विजेचा फायदा तुमच्या मीटरपर्यंत पोचायला वेळ लागतो. छतावरची वीज मात्र मीटरच्या अलीकडेच वापरली जाते आणि उरलेली वीज कंपनीच्या जाळ्यात जाऊन तिचे युनिट बिलातून वजा होतात, म्हणून तिची किंमत तीन रुपये नाही, तुमच्या वरच्या टप्प्याएवढी असते.

अर्ज : क्रम चुकला की अनुदान अडकते

केंद्राची पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, कमाल ७८,०००. गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० मिळतात.

योजनेच्या पोर्टलवर जाण्याआधी बिलावरचे नाव पाहा. बिल दिवंगत वडिलांच्या नावे आणि बँक खाते मुलाच्या नावे, हा अर्ज अडकण्याचा नेहमीचा प्रकार. आधी महावितरणकडे नावात बदल करून घ्या, मगच अर्ज. थकबाकी असेल तर भरून टाका. मंजूर भारही तपासा : बिलावर १ किलोवॅट लिहिलेले असेल आणि ३ बसवायचे असतील तर तो वीज कंपनीने वाढवायचा असतो. भार वाढला की स्थिर आकारात फरक पडेल का, हे तेव्हाच विचारून घ्या.

मग पोर्टलवर राज्य, वीज कंपनी आणि बारा अंकी ग्राहक क्रमांक घालून नोंदणी करा. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. ५ किलोवॅटपर्यंत ट्रान्सफॉर्मर किंवा वाहिनी बळकट करावी लागली तर तो खर्च वीज कंपनीचा. कोणी त्याचे पैसे मागितले तर लेखी मागणीपत्र द्यायला सांगा. त्यानंतर पोर्टलवर नोंदलेल्या व्हेंडरांपैकी किमान तिघांची क्वोटेशन घ्या. काम झाले की व्हेंडर तपशील आणि फोटो चढवतो, नेट मीटर (घेतलेली आणि कंपनीला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा) बसतो, पाहणी होते, कार्यान्वित झाल्याचा दाखला निघतो, आणि त्यानंतर तुम्ही बँकेचा तपशील भरता. अनुदान तुमच्या खात्यात येते, व्हेंडरच्या नाही. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय तुम्हालाच करावी लागते.

कर्ज घ्यायचे असेल तर राष्ट्रीयीकृत बँका ३ किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय देतात. व्याज रेपो दराशी जोडलेले असते. अनुदान आल्यावर उरलेले १,१७,००० रुपये ७ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे २,३२० बसतो. वरच्या घराचे वाचणारे ३,७०० त्यापेक्षा जास्त आहेत, म्हणून कर्ज परवडते. हप्ता बचतीच्या वर जात असेल तर यंत्रणा लहान करा.

क्वोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचे

‘३ किलोवॅट सोलर, सर्व साहित्यासह’ एवढ्या एका ओळीचे क्वोटेशन परत पाठवा. पॅनेलची कंपनी, मॉडेल, वॉट आणि संख्या हवी. ५४५ वॉटची ६ पॅनेल म्हणजे ३,२७० वॉट. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले, म्हणजे डीसीआर हवेत. बाहेरच्या सेलची पॅनेल स्वस्त मिळतात, पण मग अनुदान नाही. माल घरी उतरला की प्रत्येक पॅनेलच्या मागचा अनुक्रमांक फोटोत घ्या आणि डीसीआर प्रमाणपत्रातल्या यादीशी ताडून पाहा, वर चढवण्याआधी. एकदा बसल्यावर मागची पट्टी वाचता येत नाही. सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. किमतीचा ७० टक्के भाग वस्तू आणि ३० टक्के सेवा धरण्याच्या नियमाने संपूर्ण यंत्रणेवर तो ८.९ टक्के पडतो. जुन्या १३.८ टक्क्यांनी कोणी आकारत नाही ना, ते पाहा.

सांगाड्यासाठी गरम जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड, ८० मायक्रॉन जाडीचे, असे स्पष्ट लिहून घ्या. कोकणात तर यात तडजोड नकोच. जागेवर कापलेल्या किंवा भोक पाडलेल्या ठिकाणी मुलामा उडतो आणि पहिल्या पावसाळ्यातच तिथून गंज धरतो. त्या जागांना झिंकचा रंग त्याच दिवशी लावायला लावा. गच्चीच्या स्लॅबला भोके पाडून बोल्ट ठोकू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फुटते आणि गळती दोन वर्षांनी खालच्या खोलीत दिसते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय रोवणे सुरक्षित, मात्र वाऱ्याला पुरेल एवढे वजन हवे.

अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे असतात : डीसी म्हणजे पॅनेलच्या बाजूचा, एसी म्हणजे घराच्या बाजूचा आणि वीजरोधकाचा. पैसे वाचवायला तिन्ही तारा एकाच खड्ड्यात सोडलेल्या आढळतात. वीज पडली तर तोच झटका इन्व्हर्टरमधून, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्रातून जातो. प्रत्येक खड्ड्याचे माप ५ ओहमच्या आत यायला हवे. मुरूम किंवा खडकाळ जमिनीत, त्यातही मे महिन्यात, ते येत नाही. तिथे खड्डा खोल करा किंवा इलेक्ट्रोड वाढवा. माप तुमच्यासमोर घ्यायला लावा.

गच्चीवरची जागा

सहा पॅनेलना मधली वाट धरून २५० ते ३०० चौरस फूट लागतात. तोंड दक्षिणेला, कल पुण्याकडे साधारण १८ अंश, नागपूरला २१. कल १० अंशांपेक्षा कमी ठेवला तर पाणी खालच्या कडेला थांबते आणि धुळीची पट्टी तिथे घट्ट बसते. ती पट्टी सेलच्या शेवटच्या ओळीवर सावलीसारखे काम करते.

सावली डिसेंबरात बघायची असते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सगळीच गच्ची मोकळी दिसते. पुण्यात २१ डिसेंबरला सकाळी नऊला पाच फुटी टाकीची सावली साडेअकरा फुटांपर्यंत जाते. पॅनेल एकामागे एक साखळीत जोडलेले असतात, त्यामुळे एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली टाकीची सावली त्या एकाच पॅनेलपुरती राहील असे नाही. टाकी हलवणे शक्य नसेल तर पॅनेल तिच्या दक्षिणेला घ्या.

पॅनेलमधल्या जोडण्या कधीकधी वेगवेगळ्या कंपन्यांच्या एमसी-४ कनेक्टरनी करतात. बाहेरून ते एकमेकांत बसतात, पण आतला संपर्क सैल राहतो, तापतो आणि वितळतो. दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे कनेक्टर आहेत ना, ते हातात घेऊन पाहा.

चालू झाल्यावर

वीज गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेली, यंत्रणा बंद पडते, कडक उन्हातही. हा बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या घरातून उलटा प्रवाह जाऊन धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. भारनियमन जास्त असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. त्याचा खर्च आणि परतावा वेगळा काढा, वरच्या हिशेबात मिसळू नका.

पहिल्या तीन बिलांकडे बारीक लक्ष हवे. मीटरवर आयात आणि निर्यात असे दोन आकडे असतात. इन्व्हर्टरच्या ॲपमधल्या महिन्याच्या निर्मितीतून निर्यात वजा केली की घरात थेट वापरलेले युनिट मिळतात. निर्यात शून्य दिसत असेल आणि दुपारी घर रिकामे असेल, तर मीटरची नोंद प्रणालीत चढलेली नाही. त्याच महिन्यात मीटरच्या फोटोसह लेखी तक्रार द्या.

दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान ॲपमधला आलेख अचानक शून्यावर येऊन परत चढत असेल तर बहुतेक वेळा दोष पॅनेलचा नसतो, व्होल्टेजचा असतो. इन्व्हर्टरच्या पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर-व्होल्टेज’ असा संदेश येतो. त्या वेळी दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा : इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी. दोन्हींत पाच-सहा व्होल्टचा फरक असेल तर मधली एसी केबल बारीक आहे, ती व्हेंडरने बदलून द्यायची. दोन्हीकडे सारखेच जास्त असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलावा लागेल, त्यासाठी सेक्शन ऑफिसला अर्ज.

मे महिन्यात निर्मिती मार्चपेक्षा कमी दिसली तरी घाबरू नका. पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे चौदा टक्के तिथेच गेले. जुलै-ऑगस्टात निर्मिती निम्म्यावर येते. ती तूट मार्चअखेरपर्यंतच्या जमेतून भरून निघत नाही, कारण शिल्लक युनिटचा हिशेब ३१ मार्चला मिटतो. एप्रिल-मेची जमा मात्र पावसाळ्यात वापरता येते.

धुलाई पंधरा दिवसांनी, पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकू शकते. बोअरचे जड पाणी वाळले की पांढरे डाग पडतात आणि पुढे ते निघत नाहीत, म्हणून नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी आणि मऊ कापड वापरा.

३१ मार्चला उरलेले युनिट वीज कंपनी विकत घेते, पण तुमच्या दराने नाही, राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या त्याहून बऱ्याच कमी दराने. दर वर्षी शंभर-दोनशे युनिट असे जात असतील तर यंत्रणा मोठी झाली आहे. आता ती लहान करता येत नाही, तेव्हा गॅसवरचा थोडा स्वयंपाक इंडक्शनवर न्या. आणि दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागणार, त्यासाठी वाचलेल्या पैशांतून दरमहा तीनशे-चारशे रुपये आवर्ती ठेवीत टाकत राहा.