टॅलेंड डेव्हलपर परीक्षेची तयारी गावात राहून कशी करावी

चार ठिकाणचा, चार तऱ्हेचा डेटा गोळा करायचा, निवडून-पाखडून एका जागी नीट भरायचा, याला डेटा इंटिग्रेशन म्हणतात. टॅलेंड हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर, आणि ते चालवता येतं हे दाखवणारी ही प्रमाणपत्र परीक्षा. यवतमाळ किंवा वाशीमकडच्या गावात बसूनही या परीक्षेची तयारी होते. क्लासपेक्षा हाताचा सराव लागतो. रोज दीड तास धरला तर आठ आठवडे पुरावेत.

आधी आवृत्ती पाहा

क्लिक कंपनीनं २०२३ मध्ये टॅलेंड विकत घेतली आणि त्यांचा फुकटातला ओपन स्टुडिओ (टॅलेंडचं काम ज्यात करतात त्या स्टुडिओची मोफत आवृत्ती) ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाला. जुने व्हिडिओ मात्र अजून तोच उतरवून घ्यायला सांगतात. म्हणून सुरुवात परीक्षेच्या अधिकृत पानापासून करा: परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे ते बघा आणि विषयांची यादी छापून भिंतीला लावा.

टॅलेंडचा चाचणी परवाना, म्हणजे वापरून पाहायची परवानगी, मोजक्याच दिवसांचा असतो. तो पहिल्या दिवशी घेऊन वाया घालवू नका. पहिले चार आठवडे अपाचे हॉप या मोफत साधनावर फाइल वाचणं, गाळणं, जोडणं, बेरीज करणं शिका. घटकांची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तयार ठोकळ्यांची, नावं वेगळी असली तरी विचार तोच आहे. हात बसला की मग परवाना घ्या. लॅपटॉपला निदान ८ जीबी रॅम असू द्या. स्टुडिओची फाइल मोठी असते, नेटवर्क मोकळं असेल तेव्हा रात्री उतरवा.

सरावाचा डेटा घरचाच घ्या

एका फाइलमध्ये शेतकऱ्यांची यादी: क्रमांक, नाव, गाव. दुसरीत कापसाची आवक: तारीख, शेतकरी क्रमांक, क्विंटल, भाव. काटापट्ट्या समोर ठेवून पन्नास ओळी भरा आणि त्यात मुद्दाम चुका पेरा. ‘दारव्हा’च्या पुढे एखादी मोकळी जागा सोडा, एखादा क्रमांक दोनदा लिहा.

ही फाइल टॅलेंडमध्ये वाचताना तीन गोष्टी हमखास अडवतात. स्तंभ वेगळे करणारं चिन्ह तिथे मुळात अर्धविराम धरलेलं असतं. तुमची फाइल स्वल्पविरामाची असेल तर अख्खी ओळ पहिल्याच स्तंभात कोंबली जाते. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, आयएसओ-८८५९-१५ असतं, त्यामुळे मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. तिथे यूटीएफ-८ करा. तिसरी चूक तारखेची, आणि ती सगळ्यात वाईट. महिन्यासाठी ‘एमएम’ ही इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत (कॅपिटल) लागतात, लहान लिपीत त्याचा अर्थ मिनिटं होतो. मग १५-११-२०२३ ही तारीख १५ जानेवारी २०२३, रात्री बारा वाजून ११ मिनिटं अशी वाचली जाते. लाल अक्षरांत चूक दिसत नाही, नोव्हेंबरची आवक गुपचूप जानेवारीत जाऊन बसते.

टीमॅपला दोन आठवडे द्या

दोन फाइली जोडणारा हा घटक नीट कळला की बाकीचं निम्मं सोपं होतं. कागदावर मांडा. आवकीत पाच ओळी, शेतकरी क्रमांक १०१, १०२, १०३, १०३, १०४. यादीत चार ओळी: १०१, १०२, १०२, १०३.

मुळात जोड ‘लेफ्ट आउटर’ असते, म्हणजे आवकीची एकही ओळ गळत नाही, आणि जुळणी ‘युनिक मॅच’, म्हणजे एका ओळीला एकच नोंद. पाचही ओळी बाहेर पडतात, १०४ चं नाव रिकामं राहतं आणि १०२ ला यादीतली शेवटची नोंद लागते. ‘फर्स्ट मॅच’ केलं तर पहिली लागते. ‘इनर जॉइन’ केली, म्हणजे फक्त जुळलेल्या ओळी ठेवल्या, तर चारच ओळी येतात, १०४ नाकारलेल्यांत जाते. पण नाकारलेल्यांसाठी वेगळा मार्ग उघडला नसेल तर ती कुठेच सापडत नाही. ‘ऑल मॅचेस’ (जुळणाऱ्या सगळ्या नोंदी) आणि लेफ्ट आउटर मिळून सहा ओळी होतात, म्हणजे १०२ चा कापूस दोनदा मोजला जातो.

जॉब (घटक जोडून मांडलेलं काम) चालवण्याआधी प्रत्येक वेळी किती ओळी येतील ते लिहा, मग चालवून ताडा. आकडा चुकला तर का चुकला ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. परीक्षेत पर्याय एकमेकांना चिकटून असतात, तिथे हीच सवय कामी येते.

१०४ च्या त्या रिकाम्या नावावर ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणं) चालवलं तर ‘नल पॉइंटर’ ही चूक येते आणि जॉब पडतो. टॅलेंडच्या पोटात जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा असल्यामुळे हे होतं. म्हणून आधी नाव ‘नल’ (काहीच नसलेलं) आहे का ते तपासा. अक्षरांची तुलनाही दोन बरोबर-चिन्हांनी न करता ‘इक्वल्स’नं करा.

ट्रिगर आणि बाकीचं

पुढचं काम कधी सुरू करायचं ते ट्रिगर ठरवतो. ‘ऑन सबजॉब ओके’ अख्खा उपजॉब (जॉबमधला एकमेकांना जोडलेल्या घटकांचा गट) बिनचूक संपल्यावर सुटतो, ‘ऑन कंपोनंट ओके’ तेवढा एक घटक संपल्यावर. वाचून झालेली फाइल हलवायची असेल तर पहिलाच वापरा. कॉन्टेक्स्ट व्हेरिएबल (जॉबला बाहेरून देता येणाऱ्या किमती), टीडाय (जॉब थांबवणारा घटक) आणि टीलॉगकॅचर (चुका टिपणारा घटक) यांना प्रत्येकी दोन दिवस पुरतात. विकत मिळणाऱ्या फुटलेल्या प्रश्नसंचांच्या नादी लागू नका; पकडलं गेलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं.

नोंदणी आणि वीज

नोंदणीत नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि बऱ्याच जणांचा घोळ तिथेच होतो. परीक्षा घरून देणार असाल तर सिस्टिम चाचणी (लॅपटॉप आणि नेट परीक्षेला चालतं का ते बघणं) त्याच खोलीत, त्याच वेळेला, आठवडाभर आधी करा. घर शेतीच्या फीडरवर असेल तर वीज कोणत्या वेळी असते ते बघूनच वेळ निवडा आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण राउटर बंद पडला की परीक्षा तुटते. गावात नेटवर्कचा भरवसा नसेल तर तालुक्याला किंवा अमरावती-नागपूरला नातेवाइकांकडे आदल्या दिवशीच मुक्कामाला जा, आणि तिथेही सिस्टिम चाचणी पुन्हा करा.