चर्चामंच उभा केल्यानंतर तो बोलता कसा करावा

इंटरनेटवर चर्चामंच उभारण्याचे तांत्रिक काम आता कोणासही अवघड राहिलेले नाही. मंच चालवणारे पीएचपीबीबी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून आणि डिस्कोर्स २०१३ पासून फुकट उपलब्ध आहे, शिवाय तयार जागा भाड्याने देणाऱ्या सेवाही आहेत. तेव्हा सर्व्हर, बॅकअप, स्पॅम रोखणारी चाळणी आणि मोबाइलवर नीट दिसणारी मांडणी ही कामे तुम्ही उरकली आहेत, असे मी धरून चालतो. मंच बंद पडतात ते या कामांतील उणिवांमुळे क्वचितच. मंचावर आलेला माणूस दुसऱ्या माणसाशी बोलत नाही, म्हणून ते बंद पडतात.

या बाबतीत सर्वत्र दिला जाणारा सल्ला असा असतो की दर्जेदार लेखन टाकत राहा, सातत्य ठेवा, लोक आपोआप जमतील. लेखन वाचायला लोक जमतात हे खरे, पण वाचून झाले की ते निघूनही जातात. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला आडाखा प्रसिद्ध आहे: शंभरांतले नव्वद जण केवळ वाचतात, नऊ जण अधूनमधून काही लिहितात आणि बहुतेक सगळे लेखन उरलेला एक जण करतो. प्रत्येक मंचावर हे प्रमाण तंतोतंत असेच निघेल असे नाही, परंतु सदस्यसंख्येचा आकडा मिरवणाऱ्या प्रत्येक संस्थापकाने त्या आकड्याला शंभराने भागून पाहावे. नोंदणी करून वाचनमात्र राहिलेल्यांना दोष देण्यात काही हशील नाही, कारण ते कोठेही तसेच वागतात. आपले काम त्या एकाला शोधण्याचे आणि त्याच्याशी बोलणारा दुसरा एक मिळवून देण्याचे आहे.

विषय आणि विभाग

विषय अरुंद घ्यावा. ‘सर्व विषयांवर मनमोकळी चर्चा’ करण्यासाठी लोकांकडे व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक आहेच.

विभाग एक किंवा फार तर दोन ठेवावेत. पहिल्याच दिवशी वीस विभागांची यादी मांडून ठेवणारे संस्थापक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या यादीतल्या अठरा ओळींपुढे ‘० धागे’ (धागा म्हणजे एका विषयावर सुरू झालेली चर्चा) असे दिसते आणि येथे कोणी राहत नाही, ही बातमी नवागताला मुखपृष्ठावरच मिळते. दुवे आणि चर्चा यांचे संकेतस्थळ असलेल्या रेडिटवर वापरकर्त्यांना स्वतःचे उपविभाग काढण्याची मुभा २००८ मध्ये मिळाली, म्हणजे संकेतस्थळ सुरू झाल्यावर जवळपास तीन वर्षांनी. हॅकर न्यूज हा तंत्रज्ञानविषयक बातम्या व चर्चांचा मंच २००७ पासून एकाच मुखपृष्ठावर चालले आहे आणि तेथे विषयवार विभाग नाहीत. ‘माझा धागा कोणी वाचण्याआधीच खाली गेला’ अशी तक्रार सदस्यच करू लागले की नवा विभाग काढावा, त्याआधी नाही.

आधी माणसे, मग दार

दार उघडण्यापूर्वी आत काही माणसे बोलत असली पाहिजेत. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झाले तेव्हा जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की या दोघा संस्थापकांचाही स्वतःचा मोठा वाचकवर्ग आधीपासून होता. त्यांनी प्रथम मर्यादित लोकांना बोलावून बंद दाराआड चाचणी घेतली आणि मग संकेतस्थळ सर्वांना खुले केले. त्याच्या कितीतरी आधी, १९८५ मध्ये, स्ट्यूअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी सुरू केलेल्या ‘द वेल’ या मंचाने चर्चा चालवणाऱ्या यजमानांना आणि अनेक पत्रकारांना शुल्क माफ केले होते, कारण बोलकी माणसे आत असणे हीच त्या जागेची किंमत होती.

तुमच्याकडे असा वाचकवर्ग नसेल तर एकेका माणसाला स्वतंत्र पत्र लिहावे. ‘आमच्या मंचावर अवश्य या’ अशा पत्राला कोणी उत्तर देत नाही. ज्याचे उत्तर त्याच माणसाला येते असा एक प्रश्न मंचावर मांडून त्याचा दुवा त्याला पाठवला, तर बहुधा उत्तर येते. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

डुआयडी (खोट्या नावाची दुसरी खाती) काढून स्वतःच स्वतःशी चर्चा करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो आणि त्यासाठी रेडिटचे उदाहरण पुढे केले जाते. रेडिटच्या संस्थापकांनी सुरुवातीला बनावट खात्यांवरून दुवे टाकले, हे त्यांच्यापैकीच स्टीव्ह हफमन यांनी उघडपणे सांगितले आहे. पण ते संकेतस्थळ जून २००५ मध्ये सुरू झाले तेव्हा तेथे प्रतिसादांची सोयच नव्हती, ती त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आली. दुव्याला आवाज नसतो, त्यामुळे तो कोणाच्याही नावावर खपतो. चर्चेतला माणूस मात्र चार वाक्यांत ओळखू येतो आणि ज्यांना विषय कळतो तेच हे सोंग सर्वांत आधी ओळखून मुकाट्याने निघून जातात. चर्चामंचावर हा उद्योग करू नये.

सर्वांत अवघड टप्पा: सदस्यांना एकमेकांशी बोलते करणे

येथवरची कामे चिकाटीने होतात. पुढचा टप्पा चिकाटीने होत नाही, किंबहुना चिकाटीच आडवी येते, आणि मला सर्वाधिक छळले ते यानेच.

नवागताच्या पहिल्या लेखनाला प्रतिसाद मिळालाच पाहिजे, यात वाद नाही. एलिझाबेथ जॉयस आणि रॉबर्ट क्राउट यांनी २००६ मध्ये न्यूजग्रुपांचा, म्हणजे इंटरनेटवरील जुन्या चर्चागटांचा, अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या लेखनाला उत्तर मिळालेला माणूस पुन्हा लिहिण्याची शक्यता अधिक असते, असे त्यात आढळले. हे कळल्यावर कष्टाळू संस्थापक काय करतो, तर प्रत्येक धाग्यावर स्वतः, तत्काळ आणि सविस्तर उत्तर देतो. काही आठवड्यांत मंचावर पुष्कळ लेखन दिसू लागते, संस्थापक खूश होतो, आणि नीट पाहिले तर प्रत्येक धाग्यात दोनच माणसे असतात: प्रश्न विचारणारा आणि संस्थापक. बाकीच्यांच्या लेखी तो मदतकक्ष झालेला असतो आणि मदतकक्षात कोणी शेजारच्याच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. पुढे संस्थापक दमतो, आजारी पडतो किंवा नोकरी बदलतो, आणि मंच त्याच आठवड्यात थांबतो. बाहेरून पाहणारे म्हणतात की लोकांना रस उरला नाही, पण एकमेकांशी बोलण्याची सवय त्या लोकांना लागलेलीच नव्हती.

एक धागा जवळून पाहू. फाउंटन पेनांच्या मंचावर कोणी नवा सदस्य लिहितो, ‘दोन दिवस पेन वापरले नाही की ते सुरूच होत नाही, पहिले चार फराटे कोरडे जातात.’ संस्थापकाला सगळे माहीत असते. शाई लवकर वाळणारी असेल, झाकण हवाबंद बसत नसेल, फीडमध्ये (निबेला शाई पुरवणाऱ्या भागात) जुनी शाई साचली असेल, तेव्हा निब आणि फीड कोमट पाण्यात भिजवा, हे सगळे तो अर्ध्या तासात नीट परिच्छेद पाडून लिहितो. सदस्य ‘धन्यवाद’ म्हणतो आणि धागा संपतो. उत्तर अचूक असते, उपयोगी असते, आणि त्यात दुसऱ्या कोणासाठी बोट शिरकवायलाही जागा नसते.

त्याच धाग्यावर संस्थापकाने असे लिहिले असते तर? ‘शाई कोणती आहे आणि झाकण लावताना शेवटी घट्ट बसल्याचे जाणवते का? गेल्या महिन्यात एका सदस्याने झाकणाच्या आतल्या अस्तराला गेलेली चीर शोधून काढली होती, त्यांना येथे बोलावतो.’ आणि त्या सदस्याला नावाने, कारणासह टॅग केले असते. आता प्रश्नकर्त्याला पुन्हा लिहावेच लागते, बोलावलेल्या सदस्याला आपले काम कोणाच्या तरी लक्षात राहिल्याचे दिसते, आणि तिसरा कोणी तरी ‘झाकणाला कशाला दोष, ती शाईच तशी आहे’ म्हणून वादात उतरतो. हा तिसरा माणूस म्हणजे तुमच्या मंचाची खरी सुरुवात. वाचनमात्र मंडळींपैकी असा एक जण बाहेर काढण्यासाठी अपुरे उत्तर द्यायला शिकावे लागते, आणि ज्याला विषय येतो त्याला हे फार जड जाते.

यात काही पथ्ये मी कटाक्षाने पाळतो. ‘कोणाला माहीत आहे का?’ असे सर्वांना उद्देशून कधीही विचारत नाही, कारण सर्वांना विचारलेला प्रश्न कोणालाच विचारलेला नसतो. एका वेळी एकाच सदस्याला बोलावतो आणि त्यालाच का बोलावले ते लिहितो. त्याला पुन्हा पुन्हा वेठीस धरत नाही. सदस्याने दिलेले उत्तर थोडे चुकले असेल आणि त्यातून कोणाचे नुकसान होणार नसेल, तर ते दुरुस्त करण्यापूर्वी निदान एक रात्र जाऊ देतो. बहुतेक वेळा दुसरा सदस्यच दुरुस्ती करतो, आणि संस्थापकाकडून झालेली दुरुस्ती जितकी बोचते तितकी ती बोचत नाही. औषध, वीज, पैसा अशा विषयांत मात्र ही सवलत नाही, तेथे चूक दिसताच लिहावे. नवागताचा पहिला धागा एका दिवसाच्या आत कोणीच उचलला नाही, तर स्वतः प्रतिसाद द्यावा, पण शक्यतो तो प्रतिप्रश्न असावा.

जुने सदस्य नवागतांना ‘यावर आधीच चर्चा झाली आहे, शोधा’ असे उत्तर देऊ लागतात तेव्हा ते ताबडतोब थांबवावे. जुन्या धाग्याचा दुवा द्यावा आणि त्याच्याच पुढे ‘तुमचा अनुभव याहून कुठे वेगळा आहे?’ असे विचारावे. एवढ्या एका वाक्यावर तो माणूस राहील की जाईल हे ठरते.

तुम्ही हात आखडता घेतला की वर्दळ घटेल, आणि काही आठवडे बरीच घटेल. नेमक्या याच वेळी संस्थापकाचा धीर सुटतो आणि तो स्पर्धा, दररोजचा ‘आजचा प्रश्न’, गुण आणि बिल्ले असले प्रकार सुरू करतो. स्टॅक ओव्हरफ्लोवर गुणपद्धती चालली, कारण उत्तरांची पारख करणारे पुरेसे लोक तेथे आधीच होते. पारखी नसलेल्या ठिकाणी गुण कशाचेच माप दाखवत नाहीत, फक्त ‘छान’, ‘सहमत’, ‘+१’ अशा प्रतिसादांची रांग लावतात. म्हणून एकदम मागे हटू नये. आधी सोप्या, वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे देणे थांबवावे, मग मध्यम प्रश्नांची, आणि ज्यांचे उत्तर खरोखर कोणालाच येत नाही असे प्रश्न तेवढे स्वतःकडे ठेवावेत.

या काळात एकच आकडा पाहावा: आठवड्यातील किती धाग्यांवर तुमच्याखेरीज आणि प्रश्नकर्त्याखेरीज निदान दोन माणसांनी लिहिले. एकूण लेखन, भेटी आणि नोंदण्या यांचे आलेख झाकून ठेवावेत. ते वर जात असताना हा आकडा शून्यावर असू शकतो.

या काळात प्रसिद्धीच्या मागेही लागू नये. यूजनेट या न्यूजग्रुपांच्या जाळ्यावर दर सप्टेंबरात विद्यापीठांतील नवे विद्यार्थी येत आणि जुने लोक त्यांना रीतभात शिकवत. १९९३ पासून व्यापारी सेवांमार्फत येणाऱ्यांचा ओघ असा वाढला की शिकवणाऱ्यांना उसंतच मिळेना, आणि त्या काळाला ‘कधीच न संपलेला सप्टेंबर’ असे नाव पडले. छोट्या मंचावर हेच एका दुपारी घडते. कोठेतरी उल्लेख होतो, अनोळखी लोकांची रांग लागते, त्यांना उत्तर द्यायला तुमच्याशिवाय कोणी नसते, आणि ते परत येत नाहीत.

उरलेले

समांतर व्हॉट्सअ‍ॅप गट काढू नये. बोलकी माणसे तिकडे जातात, त्यांचे बोलणे तिकडेच वाहून जाते, आणि मंचावर शोधून सापडेल असे काही उरत नाही.

नियम मोजके ठेवावेत. अवांतर गप्पांसाठी एक वेगळा धागा पुरे. नवागतांचा पाणउतारा करणाऱ्या जाणकाराला खासगीत एकदा समज द्यावी, नंतर खाते बंद करावे, मग त्याचे ज्ञान कितीही असो. त्याच्या भीतीने न लिहिणारे किती आहेत हे तुम्हाला कधीच दिसत नाही.

नोंदणी सुरुवातीला सुलभ असावी. मेटाफिल्टर या चर्चामंचाने २००४ मध्ये नव्या सदस्यांना पाच डॉलर शुल्क लावले आणि ते तेथे चालले, पण तो मंच १९९९ पासून भरलेला होता. रिकाम्या मंचाच्या दाराशी असली अट ठेवण्यात अर्थ नाही.

एखाद्या दिवशी मंच उघडल्यावर तुम्हाला न सुचलेल्या विषयावर धागा निघालेला दिसेल, त्यावर चार जणांचा वाद रंगलेला असेल आणि तुमचे नाव त्यात कोठेही नसेल. असे लागोपाठ होऊ लागले की त्या वादात इतरांना सांभाळून घेणाऱ्या एखाद्या सदस्याला नियंत्रक होण्याविषयी विचारावे, आणि सर्व्हर, डोमेनचे नूतनीकरण व बॅकअप यांचे पासवर्ड त्याच आठवड्यात आणखी एका विश्वासू माणसाकडे सोपवावेत.