शेपटी कॉलमची नव्हतीच

बेळगावात उद्यमबागेतली आमची छोटी लॅब. क्रोमॅटोग्राफीच्या १ मिलीच्या कॉलमवर (प्रोटीन वेगळं करायला रेझिनचे दाणे भरलेली नळी) प्रोटीनचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, लांबलचक शेपटी काढायचा. गणिती मॉडेलमध्ये मी सगळा दोष रेझिनमधल्या डिफ्यूजनवर, म्हणजे दाण्यांत प्रोटीन हळू झिरपण्यावर, ढकलला. आकडे जुळले, पण फ्लो बदलला की पुन्हा बोंब.

शेवटी कॉलम काढून तिथे साधा जोड बसवला नि ॲसिटोनचं इंजेक्शन दिलं. शेपटी हजर! मग नळ्यांसाठी डिस्पर्शनवाला प्लग-फ्लो (द्रव सरळ पुढे सरकतो, वाटेत थोडा पसरतो) आणि त्याला जोडून एक काल्पनिक ढवळती टाकी, असं मॉडेल लावलं. निळीच्या बादलीत नळ सोडला की रंग हळूहळू फिका होतो, तशीच या टाकीची शेपटी. मॉडेल आकड्यांशी जुळवल्यावर (फिट) टाकी ०.३ मिलीची आली. मिनिटाला १ मिली फ्लोला द्रव तिच्यात सरासरी १८ सेकंद राहतो.

एवढी टाकी कुठून आली? इंजेक्टरनंतर लावलेला २५ मिमीचा सिरिंज फिल्टर. मीच लावला होता, कॉलम वाचवायला! तो काढला, सॅम्पल आधीच गाळायला लागलो. नळी ०.५ ऐवजी ०.२५ मिमीची करणार होतो, पण प्रेशर १६ पट होतं. छोटा तुकडाच बदलला.

नळ्यांचे आकडे पुन्हा मोजून गोठवले आणि फक्त कॉलम फिट केला. आता तपासलेल्या तिन्ही फ्लोला डिफ्यूजनचा एकच आकडा चालतो.